माईक खाली ठेवायला शिका: नागपूरच्या स्टँडअपवाल्यांसाठी टीव्हीचा रस्ता

कॅमेऱ्यासमोरच्या पहिल्याच दिवशी मी एक वाक्य बोललो आणि थांबलो. हशा येईल म्हणून थांबलो. धरमपेठेतल्या कॅफेत त्या जागेवर हमखास हशा यायचा. इथं आवाज रेकॉर्ड होत होता, त्यामुळे सेटवरची सगळी माणसं श्वाससुद्धा जपून घेत होती. एक सेकंद गेला, दोन गेले. मग मॉनिटरमागून आवाज आला, "अरे बोल ना पुढचं! विसरलास का?"

विसरलो नव्हतो. सवय नडली होती.

स्टँडअपनं शिकवलेलं निम्मं टीव्हीवर कामाला येतं आणि निम्मं आडवं येतं. यातलं कोणतं कुठलं, हे मुंबईत भाड्याची खोली घेऊन शिकायला गेलात तर महाग पडतं. नागपुरात, घरचं जेवण जेवत, बरंचसं शिकून होतं. खालचं सगळं त्याच हिशेबानं लिहिलंय. ज्याची दोन-तीन वर्षं ओपन माईकवर, म्हणजे कुणीही येऊन माईक धरावा अशा कार्यक्रमांत, गेली आहेत आणि दहा मिनिटांचा बरा सेट, म्हणजे सलग बांधलेले विनोद, हातात आहे, त्याच्यासाठी. सेटच नसेल तर आधी तो तयार करा, टीव्ही कुठं पळून जात नाही.

कोणत्या दारातून जायचं

आपल्या भागातून टीव्हीवर गेलेली दोन नावं सगळ्यांना तोंडपाठ असतात. २००५ मध्ये 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'चा पहिला मोसम जिंकणारे सुनील पाल हिंगणघाटचे. नागपूरहून दोन तासांचा रस्ता. आणि 'चला हवा येऊ द्या'मधून घराघरात पोचलेले अमरावतीकडचे भारत गणेशपुरे. दोघांचे रस्ते मात्र वेगळे. पहिला माईक घेऊन एकटा उभा राहून जिंकण्याचा रस्ता. दुसरा नाटक, सिनेमा, छोटी-मोठी कामं करत करत, दुसऱ्यांबरोबर खेळत पुढे जाण्याचा. एकट्यानं उभं राहायची जागा आता टीव्हीवर फार उरलेली नाही, ती मोबाइलवर गेली. मराठी टीव्हीवर विनोदाचं मुख्य दुकान म्हणजे स्किट, काही मिनिटांचं छोटं विनोदी नाटुकलं. २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' आलं, २०१८ मध्ये 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. दोन्हीकडे काम चाललं ते टोळीचं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: लेखनाच्या दारातून शिरा. नट म्हणून गेलात तर तुमची उंची, वय, चेहरा भूमिकेत बसला पाहिजे. शिवाय ऑडिशनचा मेसेज दुपारी बाराला येतो आणि चारला पोचायचं असतं. अंधेरीत राहणारा पोचतो, मानेवाड्यात राहणारा नाही. लिहिणाऱ्याला असं काही नसतं. रात्री दोनला फाइल पाठवली तरी ती सकाळी वाचली जाते. दुसरं असं, की स्किटच्या तालमीत लेखक हजर असतो आणि एखादा छोटा माणूस कमी पडतो. वेटर, पोस्टमन, मांडववाला. तिथं नजर लेखकाकडं वळते. 'हास्यजत्रे'तले समीर चौघुले आणि प्रसाद खांडेकर लिहितातही आणि करतातही, ही काही अपवादाची गोष्ट नाही. या धंद्यात दोन्ही येणाऱ्याला आधी फोन जातो.

रोजच्या मालिकेचं काम वेगळं असतं. तिथं श्रेयनामावलीत तीन वेगळी नावं दिसतील: कथा, पटकथा, संवाद. कथा म्हणजे पुढच्या काही आठवड्यांत कोण कुठं जाणार. पटकथा म्हणजे आजच्या भागात कोणते सीन, कोणत्या क्रमानं, ब्रेकला कुठं सोडायचं. आणि संवाद म्हणजे त्या सीनमध्ये माणसं प्रत्यक्ष काय बोलणार. स्टँडअपवाल्यानं संवादाकडं बघावं. आपला कान तिथं चालतो. पटकथा नंतर शिकता येते, पण घाईत शिकता येत नाही.

भाषेचा घोळ आधी मिटवा

नागपुरातला ओपन माईक बहुतेक हिंदीत होतो. त्यात नवल नाही. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची, नंतर मध्य प्रदेशची राजधानी होतं. अजूनही सीताबर्डीवर भाव करताना मराठी माणूस मराठी माणसाशी हिंदीत बोलतो. पण मराठी वाहिनीला हिंदीतला सेट दाखवून काही होत नाही. "मी मराठीत पण करतो" हे वाक्य तर पाठवूच नका. करून दाखवा. दहापैकी सहा मिनिटं मराठीत उभी करा. भाषांतर करू नका, नव्यानं लिहा. हिंदीतला पंच, म्हणजे हशा आणणारं वाक्य, शब्दाला शब्द मराठीत आणला की हसू मरतं, हे ज्यानं केलंय त्याला ठाऊक आहे.

दुसरा घोळ उलट्या बाजूचा. तुम्ही नागपूरचे म्हटल्यावर समोरचा म्हणणार, "अरे वा, वऱ्हाडी करा ना!" इथं दोन चुका होतात. एक म्हणजे खुशीत येऊन वाक्यागणिक 'काऊन बे' घालत सुटणं. दुसरी म्हणजे लाजून पुण्याची मराठी बोलणं. नागपूरची बोली आणि अकोला-अमरावतीची वऱ्हाडी एक नाही, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे आणि कागदावर दिसलं पाहिजे. महालातली आजी, इतवारीतला दुकानदार, वर्धा रोडच्या फ्लॅटमधला आयटीवाला हे एकाच शहरात तीन तऱ्हेनं बोलतात. फोनवर साहेबाशी प्रमाण मराठी आणि फोन ठेवल्यावर बायकोला "काय करून राह्यली व?" म्हणणारा माणूस हा बोलीचा खरा उपयोग. बोली बदलते तिथं माणूस उघडा पडतो. नुसत्या बोलीवर हसणं म्हणजे आपल्याच काकावर हसणं, आणि त्याचा कंटाळा प्रेक्षकाला दोन भागांत येतो.

'मी' काढून टाका: एका विनोदाचं स्किट कसं होतं

आता मुख्य काम. स्टँडअपमध्ये 'मी' सांगतो. स्किटमध्ये कुणी सांगत नाही, सगळं घडतं. हा फरक वाचायला सोपा आणि करायला महिनोन्महिने घेणारा आहे. एक उदाहरण घेऊ. माझ्या सेटमध्ये हा तुकडा होता:

"आमच्या घरी मार्चमध्ये कूलर लागत नाही. बाबा म्हणतात, 'आतापासून कूलर लावशील तर मे महिन्यात काय लावशील?' जसा काही मे महिन्याचा कूलर वेगळा मिळतो! बरं, मेमध्ये म्हणावं तर म्हणतात, 'आता काय, पंधरा दिवसांत पाऊस येतेच.'"

स्टेजवर हे चालतं, कारण बाबांचा आवाज मी काढतो आणि वैताग माझा असतो. याचं स्किट करायला बसलो तेव्हा पहिला खर्डा असा झाला: मुलगा येतो, म्हणतो "बाबा, कूलर लावू," बाबा तीच वाक्यं बोलतात. दोन मिनिटांत संपलं. वाचून दाखवलं तर मित्र म्हणाला, "हे तर तुह्यंच स्टँडअप आहे, फक्त दोघं जण बोलून राह्यले."

मग एकेक प्रश्न विचारत गेलो. तुम्हीही याच क्रमानं विचारा.

आज काय आहे? रोजचा दिवस असेल तर स्किट नाही. आज मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत. तारीख दहा मे, दुपारचे दोन.

कोणाला काय हवंय? बाबांना कूलर लावायचा नाही आणि आपण कंजूस आहोत हे पाहुण्यांना कळूही द्यायचं नाही. आईला अब्रू हवी. मुलीला हे स्थळ नकोच आहे, म्हणजे तिला उकाडा हवाच आहे! इथं मला पहिल्यांदा वाटलं की स्किट होणार. कारण आता एकच उकाडा तिघांना तीन तऱ्हेनं लागतोय.

काय बोलायचं नाही? "गरम होतंय" हे वाक्य बाबा कुणालाच बोलू देणार नाहीत. स्किटला असा एक नियम मिळाला की निम्मं काम झालं. प्रेक्षक आता ते वाक्य कधी निसटतं याची वाट बघतो.

वाढवायचं कसं? आधी पाहुणे रुमाल काढतात, बाबा म्हणतात, "सर्दी आहे का?" मग लाइट जाते. मग दार वाजतं आणि कूलरच्या खसच्या ताट्या बदलणारा येतो. तो आईनं चोरून बोलावलेला. बाबा त्याची ओळख 'मुलीचे मामा' म्हणून करून देतात. आता मामाच्या हातात ओली खस आहे, आणि तिच्याजवळ बसायला सगळे सरकताहेत. पायऱ्या चढत्या असल्या पाहिजेत. लाइट आधी गेली असती तर रुमालाला कुणी हसलं नसतं.

शेवट कुठं उलटतो? इथं मी चार दिवस अडकलो. बाबा कबूल करतात, हा शेवट लगेच सुचतो, म्हणून तो नको. मग पाहुण्यांचं गाव बदललं. ते आधी पुण्याचे होते, त्यांना चंद्रपूरचं केलं. सगळे घामाघूम, बाबा हरायला आलेले, "गर..." एवढं अक्षर तोंडातून निघालेलं, आणि आतापर्यंत गप्प बसलेले नवरदेवाचे वडील शाल मागतात. "नाही म्हणजे, खूप गारवा आहे बाप्पा नागपुरात."

पंच बाबांच्या तोंडी नाही, मुलीच्या नाही, माझ्या तर नाहीच. जो माणूस सात मिनिटं बोललाच नाही, त्याला दिला. तुमचं सर्वात चांगलं वाक्य दुसऱ्याला द्यायची सवय स्टँडअपवाल्याला नसते. ज्या दिवशी ते जमलं, त्या दिवशी टीव्हीसाठी लिहिता येऊ लागलं असं समजा.

मूळ सेटमधलं "मे महिन्यात काय लावशील" या स्किटमध्ये कुठं आलं माहितीये? कुठंच नाही. कापलं. वाईट वाटलं, पण ते सांगण्याचं वाक्य होतं, घडण्याचं नव्हतं.

आठवड्याला असं एक स्किट लिहा, आठ पानांच्या आत. एक पान साधारण एक मिनिट. चार जणांना बसवून मोठ्यानं वाचून घ्या आणि तुम्ही स्वतः एकही भूमिका वाचू नका. स्वतः वाचलं की कच्चं वाक्यही आपण आवाजानं तारून नेतो. नुसतं बसून ऐका, आणि कुठं माणसं मोबाइलकडं बघतात तिथं पेन्सिलनं खूण करा. अशी वीस स्किटं झाली की त्यातली तीन दाखवण्याजोगी निघतात. माझी दोन निघाली होती.

अभिनय: नागपुरातच फुकट शिकायच्या जागा

स्टँडअप करणाऱ्याचा सर्वात मोठा दोष म्हणजे तो ऐकत नाही. समोरचा बोलत असताना तो स्वतःच्या वाक्याची वाट बघतो. कॅमेरा हे लगेच पकडतो. नजर मेलेली दिसते.

यावर औषध एकच, नाटक. तेही छोट्या भूमिकेचं. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेचं नागपूर हे जुनं केंद्र आहे. स्पर्धेच्या आधीचे दोन-तीन महिने शहरातल्या हौशी संस्थांच्या तालमी सुरू असतात आणि त्यांना माणसं कायम कमी पडतात. सायंटिफिक सभागृहात, साई सभागृहात प्रयोग बघायला जा, प्रयोगानंतर मागं जाऊन भेटा, "काहीही करीन" म्हणा. पहिल्या वर्षी मी एका नाटकात पडदा ओढला आणि तिसऱ्या अंकात हवालदार होतो, वाक्यं चार. त्या चार वाक्यांआधी अकरा मिनिटं नुसतं उभं राहून ऐकायचं होतं. त्या अकरा मिनिटांनी मला शिकवलं ते कोणत्याही कार्यशाळेनं शिकवलं नाही. कॉलेजात असाल तर एकांकिका स्पर्धा आहेतच. 'लोकसत्ता लोकांकिका'सारख्या स्पर्धेची फेरी नागपुरात होते आणि तिथं मालिकांशी संबंधित लोक बघायला बसलेले असतात.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांबद्दल शहरातली पोरं नाक मुरडतात. चूक करतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्या रंगभूमीचं केंद्र. दिवाळीनंतर धान कापणी उरकली की मोसम सुरू होतो, नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं, हजारो माणसं थंडीत शेकोटी करून बघतात. तिथं विनोदी नटाला स्वतंत्र मान असतो. कॅफेतल्या चाळीस जणांना हसवणं आणि पहाटे तीनला पेंगणाऱ्या मांडवाला जागं करणं यात फरक आहे. एक मोसम मिळाला तरी करा.

आणि मारबतीची मिरवणूक बघायला जाता की नाही? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून निघणाऱ्या बडग्यांवरच्या, म्हणजे पुतळ्यांवरच्या, पाट्या वाचा. एका ओळीत महागाई, पुढारी, खड्डे. इतक्या कमी शब्दांत इतका राग आणि इतकं हसू मला कुठल्या लेखकांच्या बैठकीत सापडलेलं नाही.

घरी मोबाइलवर करायचा सराव असा: एकच सीन तीनदा शूट करा, मधला, जवळचा, अगदी जवळचा. तिन्ही वेळा चहाचा कप त्याच शब्दावर, त्याच हातानं उचलला गेला पाहिजे. नाही तर एडिटमध्ये जोडता येत नाही आणि तुमचा सर्वात चांगला टेक फेकला जातो. जवळच्या शॉटमध्ये स्टेजवरचे हातवारे आवरा. भुवई पुरते. आणि लेन्सकडं बघू नका. प्रेक्षकाच्या डोळ्यांत बघायची सवय लागलेल्याला हे फार जड जातं.

पाठवायचं काय आणि कसं

तीनच गोष्टी. आठ मिनिटांचं एक स्किट, एका पानाची दुसरी कल्पना, आणि तीन मिनिटांचा न कापलेला मराठी सेट. प्रेक्षकांची रिॲक्शन जोडलेली रील नको, तिला कुणी भुलत नाही. स्किट युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ करून पाठवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली माझी पहिली फाइल समोरच्याकडं उघडली तेव्हा तिथं नुसती चिन्हं होती. मी आठ दिवस उत्तराची वाट बघितली, त्यानं आठ दिवस मला वेडा समजलं.

कार्यक्रमाच्या शेवटी धावणारी नावं थांबवून वाचा. लेखक, सहायक दिग्दर्शक, क्रिएटिव्ह टीममधली माणसं. दिग्दर्शकाला शंभर जण लिहितात, सहायकाला कुणी नाही. निरोप चार ओळींचा असावा आणि त्यात 'संघर्ष' हा शब्द नसावा.

ऑडिशनचा व्हिडिओ मागितला तर मोबाइल आडवा, मागं साधी भिंत, उजेड समोरून. आधी नाव, वय, उंची, गाव. मग डावी-उजवी बाजू आणि पूर्ण उभा शॉट. मग सीन. कूलर बंद ठेवा, त्याचा आवाज तुमच्या आवाजापेक्षा स्वच्छ येतो. समोरच्याची वाक्यं वाचायला कुणीतरी कॅमेऱ्याच्या शेजारी बसवा. माझ्यासाठी बहीण वाचायची, प्रेमप्रसंगसुद्धा. त्यातून जो अभिनय निघाला तो निघाला.

कुणी ऑडिशनचे पैसे मागितले, 'कार्ड काढावं लागेल' म्हणालं, अमुक फोटोग्राफरकडूनच फोटो काढा म्हणालं, की तिथंच थांबा. ऑडिशनला पैसे लागत नाहीत.

मुंबईला राहायला जाण्याची घाई नको. पहिलं पैसे मिळालेलं काम हातात येईपर्यंत जाऊन-येऊन करा. रात्री दुरंतो धरली की सकाळी सीएसएमटी. बैठक करायची आणि संध्याकाळी परत. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला खरा, पण सातशे एक किलोमीटर रात्रीचे चालवून सकाळी विनोद सुचत नाहीत, हे करून बघितलंय.

कागद आणि पैसा

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सर्वात जास्त पोरं इथंच बुडतात.

नुसत्या कल्पनेवर कायद्यानं मालकी मिळत नाही, ती लिहिलेल्या मांडणीवर मिळते. म्हणून चहा पिता पिता कल्पना सांगत फिरू नका. आधी लिहा, ईमेलनं पाठवा, म्हणजे तारीख राहते. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेतलं की संहिता ऑनलाइन नोंदवता येते. ही नोंद म्हणजे अमुक दिवशी हे लिखाण तुमच्याकडं होतं याचा पुरावा. माझं एक स्किट मी न नोंदवता एका ठिकाणी वाचून दाखवलं आणि वर्षभरानं त्याची चुलत बहीण पडद्यावर बघितली. भांडायला हातात काही नव्हतं.

करारावर सही करायच्या आधी तीन ओळी शोधा: हक्क किती काळासाठी देताय, कुठल्या माध्यमांसाठी, आणि नाव कुठं लागणार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणून तर छापील करारात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' हे शब्द आवर्जून असतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखकाला रॉयल्टीचा हक्कही मिळाला आणि तो निर्मात्याला सहज सोडून देता येत नाही. नवख्याच्या सांगण्यावरून करार बदलत नाही, मान्य. पण वाचून सही करणाऱ्याशी लोक जरा वेगळं वागतात.

पैसा भागागणिक मिळतो, आणि काम केल्यावर साधारण तीन महिन्यांनी. म्हणजे जानेवारीत लिहिलेलं एप्रिलमध्ये खात्यात येतं. तेवढे तीन महिने काढायची सोय आधी करून ठेवा. व्यावसायिक फी म्हणून दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतलेला कर, कापला जातो. उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो. पहिल्या वर्षी मी भरलंच नाही, कारण मला वाटलं कलाकार आहे.

काम मिळायला लागलं तरी रविवारचा ओपन माईक सोडू नका. स्किटमधला कोणता माणूस जिवंत आहे, ते मी अजून तिथंच तपासतो. चंद्रपूरच्या शालवाल्यालाही आधी तिथंच उभं केलं होतं. तो पुढं सेटवर गेला तेव्हा ती भूमिका मलाच मिळाली. सात मिनिटं गप्प बसायची. या वेळी कुणाला "बोल ना पुढचं" म्हणावं लागलं नाही.